३१ मार्चची पहाट

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असं सांस्कृतिक समितीने मला सांगितलं, तेव्हा बहुतेकांना वाटलं असेल की मी सोसायटीचा इतिहास लिहीन. प्लॉट कसा मिळाला, पहिली दोन वर्षं टँकरच्या पाण्यावर कशी काढली, कन्व्हेयन्ससाठी किती खेटे घातले वगैरे. पण ते सगळं आपल्या माजी अध्यक्षांनी याच अंकात माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. मी एका मुलाविषयी लिहिणार आहे. तो आपला कोणी नाही. इंग्रज होता, ऐंशी वर्षांपूर्वी गेला. तरीही आपल्या घरांच्या स्मरणिकेत त्याची गोष्ट शोभून दिसेल असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ३१ मार्च ही तारीख विसरता येत नाही. वार्षिक क्लोजिंग! कॉम्प्युटर येण्यापूर्वी आम्ही ती रात्र शाखेतच काढायचो. लेजर जुळवता जुळवता पहाट व्हायची आणि दोन्ही बाजूंची बेरीज एक आली की चहा प्यायचा आणि घर गाठायचं. त्यामुळे इंग्लंडमध्ये एका दगडावर '३१ मार्च १९४४' ही तारीख दिसली तेव्हा माझे पाय आपोआप थांबले.

माझी मुलगी आणि जावई इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलँडला राहतात. दोन वर्षांपूर्वी मी आणि सौ. तिथे तीन महिने होतो. शहराच्या दक्षिण टोकाला समुद्राजवळ रायहोप नावाची वस्ती आहे. पूर्वी तिथे कोळशाची खाण होती. ती १९६६ मध्ये बंद झाली, पण खाण कामगारांच्या बैठ्या घरांच्या रांगा अजून दिसतात. एकाला एक चिकटलेली, एकसारखी घरं. आपल्या गिरणगावातल्या चाळी आडव्या करून जमिनीवर ठेवाव्यात तशी. नातवाला घेऊन मी तिकडे फिरायला जायचो. तिथे सिरिल बार्टन या वैमानिकाचं नाव आणि ही तारीख कोरलेली आहे. वय, बावीस वर्षं.

नातवाने त्याच्या इंग्रजीमिश्रित मराठीत विचारलं, "आजोबा, हा कोण?" मला सांगता येईना. मग आम्ही दोघांनी घरी येऊन शोध घ्यायला सुरुवात केली. पुस्तकं वाचली आणि त्याच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं अधिकृत मानपत्रही वाचलं. त्यातून जी हकीकत कळली ती सांगतो.

सिरिल जो बार्टन याचा जन्म ५ जून १९२१ चा, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातला. वाढला लंडनजवळच्या न्यू माल्डन या उपनगरात. घर साधंच. शाळा सोडून तो विमानाच्या कारखान्यात उमेदवारीला लागला आणि जोडीने टेक्निकल कॉलेजात शिकू लागला. म्हणजे विमान उडवण्याआधी ते कसं बनतं हे त्याने हाताने शिकलेलं होतं. १९४१ मध्ये तो रॉयल एअर फोर्समध्ये भरती झाला. विमान चालवण्याचं शिक्षण त्याने अमेरिकेत घेतलं आणि परतल्यावर त्याची नेमणूक बॉम्बर विमानांवर झाली.

लढाऊ विमानात एकटा वैमानिक असतो, तेव्हाच्या मोठ्या बॉम्बर विमानात मात्र सात जण असत. वैमानिक, दिशा सांगणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला, इंजिनांकडे आणि पेट्रोलकडे बघणारा फ्लाइट इंजिनिअर आणि दोन गनर. वैमानिक वयाने सगळ्यांत लहान असला तरी तोच त्या सात जणांचा कप्तान. बार्टनचं विमान हॅलिफॅक्स जातीचं, चार इंजिनांचं होतं. त्याची तुकडी ५७८ क्रमांकाची स्क्वॉड्रन आणि तळ यॉर्कशरमधल्या बर्न या गावी. तीस मोहिमा पुऱ्या झाल्या की सुटका, असा साधारण नियम होता. मार्च १९४४ अखेर बार्टनच्या अठरा झाल्या होत्या. त्यातल्या चार खुद्द बर्लिनवरच्या.

तीस हा आकडा लहान वाटतो. पण ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये युद्धभरात सुमारे सव्वा लाख माणसं विमानातून गेली आणि त्यांतली ५५,५७३ मेली. शंभरातली चव्वेचाळीस. सगळे स्वखुशीने आलेले आणि बहुतेक विशी-बाविशीतले. त्यांना हे आकडे सांगितले जात नसत. पण संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर किती खुर्च्या रिकाम्या झाल्या हे त्यांना दिसत होतंच. आपण परतलो नाही तर घरी द्यावं म्हणून बार्टनने आईच्या नावे पत्र लिहून ठेवलं होतं.

३० मार्च १९४४ च्या रात्री ७९५ बॉम्बर विमानं जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराकडे निघाली. हिटलरच्या पक्षाचे मोठमोठे मेळावे जिथे भरत, तेच हे शहर. पुढे नाझी नेत्यांवर खटलेही तिथेच चालले. आकाशात चंद्र होता. चांदण्या रात्री एवढ्या लांब जायचं नाही असा रिवाज होता. पण जाताना वाटेत ढग मिळतील आणि त्यांच्या आड लपत जाता येईल, असा हिशोब केला गेला. टेहळणी विमानाने 'ढग मिळतील असं दिसत नाही' असा निरोप आणला, तरीही बेत रद्द झाला नाही. मार्गही जवळजवळ सव्वाचारशे किलोमीटर सरळ रेषेत आखलेला होता. झालं उलटंच. वाटेत आकाश लख्ख आणि न्यूरेंबर्गवर मात्र दाट ढग. जर्मन रात्र-विमानांना चांदण्यात बॉम्बर विमानांची रांगच सापडली. वाराही अंदाजाप्रमाणे वाहिला नाही, म्हणून शंभराहून अधिक विमानांनी न्यूरेंबर्ग समजून श्वाइनफुर्टवरच बॉम्ब टाकले. ७९५ पैकी ९५ विमानं पडली. एका रात्रीत ५४५ वैमानिक आणि सहकारी मेले. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात चार महिने चाललेल्या प्रसिद्ध लढाईत त्यांचे जितके वैमानिक गेले, जवळजवळ तितके.

बार्टनचं विमान लक्ष्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर असताना त्याच्यावर हल्ला झाला. पहिल्याच फैरीत आपापसात बोलायची यंत्रणा बंद पडली. एक इंजिन जायबंदी झालं. पुन्हा हल्ला झाला, मागच्या बंदुका निकामी झाल्या. सात माणसं एका अंधाऱ्या नळकांड्यात, कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही, नुसते दिव्याच्या उघडझापीचे इशारे. त्या गोंधळात एका इशाऱ्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. विमान सोडायचा हुकूम झाला असं समजून नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा आणि वायरलेसवाला असे तिघं पॅराशूटने उतरले. ते जर्मनांच्या कैदेत गेले. पण जगले.

आता बार्टनजवळ वाट सांगणारा नाही, संदेश पाठवणारा नाही, बॉम्ब टाकणारा नाही. परत फिरला असता तर कोणीही बोट ठेवलं नसतं. तो पुढे गेला. बॉम्ब त्याने स्वतःच सोडले. त्याच क्षणी बिघडलेल्या इंजिनाचा पंखा सुटून उडाला. पेट्रोलच्या दोन टाक्या गळत आहेत हेही लक्षात आलं. तिथून साडेचार तास, समोरून वारा असताना, शत्रूच्या तोफांचे पट्टे चुकवत त्याने विमान इंग्लंडच्या दिशेने आणलं. किनारा लागला तो त्याच्या तळाच्या दीडशे किलोमीटर उत्तरेला. वाट सांगणारा नसताना एवढीच चूक!

पहाटेचे सहा वाजत आले होते. खाली रायहोप. पेट्रोल संपत आल्याने डावीकडची दोन्ही इंजिनं थांबली. एकच इंजिन चालू. विमान इतकं खाली आलं होतं की उडी टाकायला उंची उरली नव्हती. बार्टनने उरलेल्या तिघांना, दोन गनर आणि इंजिनिअरला, आदळण्याच्या वेळी जिथे बसायचं त्या जागी जायला सांगितलं आणि तो स्वतः समोर पुढच्या काचेशी राहिला. वैमानिकाला दुसरी जागा नसतेच. त्याच्या खाली त्या घरांच्या रांगा होत्या. आत माणसं झोपलेली, कोणी चूल पेटवत असेल, कोणी पाळीवर जायला निघालेलं. सरकारी मानपत्रात कोरड्या भाषेत एवढंच आहे की, ज्या घरांवरून तो जात होता ती टाळून विमान उतरवण्याचा त्याने प्रयत्न केला. विमान खाणीच्या आवारात कोसळलं. मागचे तिघं वाचले. बार्टन गेला. आणि कामावर निघालेला एक खाण कामगारही त्या अपघातात गेला.

बार्टनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला, २७ जून १९४४ ला. हॅलिफॅक्स विमानावरच्या माणसाला मिळालेला हा एकमेव. पदक आज लंडनच्या हेंडन भागातल्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहे.

ही हकीकत मी नातवाला रात्री झोपताना सांगितली, थोडी रंगवूनच. घरं वाचवण्याचा भाग आला तेव्हा माझा आवाज जरा कापला. नातू पाच मिनिटं गप्प होता. मला वाटलं झोपला. मग त्याने विचारलं, "आजोबा, विमान परत येत होतं ना? मग बॉम्ब कुठे टाकले?"

म्हटलं, "जर्मनीत."

"तिथे घरं नव्हती?"

सांगतो, ग्राहकांचे, ऑडिटरचे, हेड ऑफिसचे नाना प्रश्न झेलले, पण असा निरुत्तर कधी झालो नव्हतो. घरं होती. त्या युद्धात जर्मन शहरांवर पडलेल्या बॉम्बनी लाखो माणसं मेली. बायका, म्हातारे, माझ्या नातवाच्या वयाची मुलं. आधी जर्मन विमानांनी लंडन, कॉव्हेंट्री आणि संडरलँडसुद्धा भाजून काढलं होतं, हेही खरं. ज्या राजवटीने छळछावण्या उभारल्या ती कशी थांबवायची, हाही प्रश्न होताच. पण दहा वर्षांच्या मुलाने एवढं काही विचारलं नव्हतं. त्याने फक्त घरं होती का, असं विचारलं होतं.

माझ्या मनात दुसरीही एक गाठ होती. १९४२ मध्ये माझे वडील माणगाव भागात चळवळीची पत्रकं सायकलवरून वाटत होते. ज्या सरकारविरुद्ध ते ती वाटत होते, त्याच सरकारचा हा वैमानिक. बार्टन अमेरिकेतून शिकून परतला त्यानंतर वर्षभरात, १९४३ साली, बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. ते साम्राज्य युद्धात गुंतलं होतं आणि आपल्या माणसांच्या तोंडचा घास त्याला दिसत नव्हता. वडील असते तर म्हणाले असते, "तुला रडायला इंग्रजच मिळाला का रे?"

मग मला यशवंत घाडगे आठवले. हे आमच्याच तालुक्यातले, पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. बरोबरचे सगळे पडले. घाडगे एकटे धावून गेले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने संपवलं. ठाणं घेतलं आणि लगेच दुसरीकडून आलेल्या गोळीने ते पडले. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जन्म १९२१ चा. वय बावीस.

म्हणजे बघा, एकाच वर्षी जन्मलेले दोघं, तेच युद्ध, तोच सन्मान, मरणात साडेतीन महिन्यांचंही अंतर नाही. एक न्यू माल्डनचा, एक पळसगावचा. त्या युद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक होते. त्यांच्यातला एखादा आपल्याही कोणाच्या आजोळचा असेल. माझ्या वडिलांनी चळवळीची पत्रकं वाटली, पण घाडग्यांचं नाव निघालं की ते हात जोडायचे. लहानपणी मला यात विरोध वाटायचा. आता वाटत नाही. राज्य कोणाचं होतं हा प्रश्न वेगळा आणि त्या पोराने शेवटच्या घटकेला काय केलं हा वेगळा.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी मी नातवाला म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर आहे. तिथेही घरं होती. बार्टनला ती वरून, अंधारात, ढगांतून दिसत नव्हती. रायहोपची दिसली. जी दिसली ती त्याने चुकवली." त्याला हे कितपत पटलं माहीत नाही. मलाही ते पुरतं पटलेलं नाही. बँकेत दोन बाजू जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. या हिशोबाच्या दोन बाजू मला अजून जुळवता आलेल्या नाहीत, आणि आता वाटतं की जुळवूही नयेत. एका बाजूची रक्कम दुसरीतून वजा केली की शिल्लक शून्य येईल आणि मग दोन्हीकडची माणसं विसरायला आपण मोकळे!

लंडनला ग्रीन पार्कच्या कोपऱ्यावर बॉम्बर कमांडच्या मृतांचं मोठं स्मारक आहे. ते व्हायला २०१२ साल उजाडावं लागलं, कारण शहरांवरच्या बॉम्बफेकीबद्दल त्यांच्याच देशात मनं साफ नव्हती. परतीच्या आधी आम्ही ते पाहिलं. सात जणांचे पुतळे आहेत, मोहिमेवरून नुकतेच उतरलेले, थकलेले. आणि तिथे असंही कोरलेलं आहे की, १९३९ ते १९४५ च्या बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व देशांच्या माणसांचंही हे स्मारक आहे. म्हणजे जर्मनांचंही. वाचून बरं वाटलं. नातवाचा प्रश्न मोठ्या माणसांनाही पडला होता तर.

रायहोप सोडण्यापूर्वी आम्ही पुन्हा एकदा त्या दगडापाशी गेलो होतो. नातवाने दोन फुलं नेली होती. एक बार्टनसाठी. दुसरं कोणासाठी, मी विचारलं. म्हणाला, "कामावर चाललेल्या काकांसाठी." त्या खाण कामगाराला कोणी पदक दिलं नाही. तो लढायला निघाला नव्हता, डबा घेऊन पाळीवर निघाला होता. मी ही गोष्ट दहा जणांना सांगितली असेल, पण त्याला आठवणारा हा पहिला. युद्धाचा इतिहास असाच असतो. पदकवाल्यांची नावं पाठ होतात आणि पाळीवर निघालेला माणूस एका ओळीत संपतो.

आता हे सोसायटीच्या स्मरणिकेत कशासाठी? आपली ८४ घरं आहेत. पंचवीस वर्षांत पार्किंगवरून, गळतीवरून, गणपतीच्या लाउडस्पीकरवरून आपण मनसोक्त भांडलो. एक छप्पर म्हणजे काय असतं, त्याखाली किती माणसांचं किती काय असतं, हे भांडताना लक्षात राहत नाही. बावीस वर्षांच्या एका मुलाला हातात शेवटचं इंजिन असताना, अनोळखी लोकांची छपरं दिसली. मला त्याच्याविषयी जे वाटतं ते एवढंच आहे. त्याला देव करायचं कारण नाही. पण विसरायचंही कारण नाही.

एक विनंती. आपल्यातले बरेच जण मे महिन्यात, गणपतीत कोकणात जातात. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला ट्रॅफिकमध्ये अडकणं कोणाला चुकलेलं नाही. पुढच्या वेळी अडकलात तर गाडी कडेला घ्या आणि मुलांना तहसील कचेरीत यशवंत घाडग्यांचा पुतळा दाखवून आणा. मुलं प्रश्न विचारतील. उत्तर येत नसेल तर तसं सांगा. मी तेच केलं.

आणि सोसायटीच्या खजिनदारांना सांगणं असं की, ३१ मार्चला ताळेबंद जुळवून उठताना पहाट झालीच, तर गच्चीवर जाऊन एकदा खाली आपल्या घरांकडे बघा. मी दरवर्षी बघतो.